लग्नाच्या हॉलमध्ये रॉ, सहलीला जेपेग

सगळेच फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढायचा हट्ट नको. वाढदिवस, सहल, लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे फोटो, यांना जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेली लहान फाइल, पुरे. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र रॉच ठेव. पिवळे बल्ब, त्यात स्टेजवर जांभळे एलईडी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार साधलेला रंगांचा तोल, हमखास गंडतो. रॉमध्ये तो घरी बसून बदलता येतो, जेपेगमध्ये रंग कॅमेऱ्यानेच पक्के केलेले असतात. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा उजळवताना हा फरक लगेच कळतो. पण शालूचा जरीकाठ फोटोत जास्त उजेडाने पांढराफटक झाला, तर रॉही फारसं वाचवत नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, जरा कमीच धर. आणि हो, जेपेग पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह करू नकोस, दर वेळी थोडी क्वालिटी जाते.