तिनं पाणी पिणं सोडलं होतं

एप्रिलमधली दुपार होती, साडेचारचा सुमार. बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला. चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन ती आत आली आणि खुर्चीच्या अगदी टोकाला बसली. मी माठातलं पाणी पुढे ठेवलं. अर्धा तास झाला तरी तिनं पेल्याला हात लावला नाही. अंगावर पाजणारी बाई, सोलापूरचं ऊन आणि ओठ सुकून पांढरे पडलेले. माझं लक्ष त्या पेल्यावरच अडकलं.

सोबत नवरा होता, यंत्रमागावर काम करणारा. तोच आधी बोलला. "मॅडम, घरात सगळं नीट हाय ओ. पण ही सारखी चिडते, रडते. कुणाच्या बारशाला नको, देवळाला नको. मोबाइलवर बघितलं, बाळंतपणानंतर डिप्रेशन येतं म्हणं." त्याची शंका रास्त होती. झोप, भूक, बाळाची ओढ, जीव नकोसा वाटतो का, हे सगळं मी तिला विचारलं. मन खचलेलं होतं, पण बाळाशी नातं छान होतं आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार नव्हता. एवढ्यात बाळ शिंकलं. तिला हसू आलं आणि हसता हसताच ती पाय आवळून गप्प झाली.

मी नवऱ्याला जरा बाहेर बसायला सांगितलं.

मग ती बोलली. शिंकलं, खोकलं, बाळाला उचललं की लघवी सुटते. जुन्या सुती साडीच्या घड्या लावून दिवस काढते. वास येईल म्हणून चार माणसांत जात नाही. पाणी मोजून दोन-तीन पेले. "ताई, हे आता जन्मभर असंच राहणार का?"

(तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे कितीतरी बायका घेऊन येतात आणि पहिल्या दहा मिनिटांत जवळजवळ कुणीच तो विचारत नाही. कुणी कंबरदुखी सांगतं, कुणी झोप नाही म्हणतं. खरं तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण तिघींपैकी एकीला हा त्रास होतो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. नऊ महिने त्या झोळीवर ओझं असतं आणि बाळ बाहेर येताना ती खूप ताणली जाते. सिझर झालेल्या बाईलाही हे होऊ शकतं, कारण ओझं तिनंही वाहिलेलंच असतं. ताणलेला स्नायू व्यायामानं पुन्हा बळ धरतो. म्हणून तिला मी तिथल्या तिथे सांगितलं, की हे असंच राहील असं मानायचं काहीही कारण नाही.

पाणी तोडल्यानं तिचं दुखणं वाढलं होतं. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाची चुरचुर वाढते, सारखं जावंसं वाटतं, जंतुसंसर्गाची भीती राहते. शिवाय मलावरोध होतो, आणि कुंथलं की सगळा जोर त्याच थकलेल्या स्नायूंवर पडतो. रक्तवाढीच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं म्हणून तिनं त्याही मनानंच बंद केल्या होत्या. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात त्या. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून काही बदल करता येतो.

मी समुपदेशक आहे, तपासणी माझं काम नाही. तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीची तपासणी झाली, टाके बघितले, अंग खाली उतरलंय का ते पाहिलं. संसर्ग नव्हता. तिथून फिजिओथेरपिस्टकडे. ताप, लघवीला जळजळ, लघवी अडकणं, रात्रंदिवस थेंब थेंब गळत राहणं, शौचावर ताबा न राहणं किंवा खाली गाठीसारखं काही हाताला लागणं, यातलं काहीही असेल तर व्यायामाच्या भरवशावर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

व्यायाम दिसायला साधा, पण बऱ्याच जणी चुकीचा करतात. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण जो भाग आत ओढून धरतो, तोच आवळायचा. पोट, मांड्या, नितंब सैल. श्वास चालू. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरून तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नये. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. ही शेवटची युक्ती तिला सगळ्यात आवडली. व्यायामाची वेळ तिनं स्वतःच ठरवली, बाळाला पाजायला बसली की.

दोन आठवड्यांनी आली तेव्हा मी विचारलं, जड काय उचलतेस? ती म्हणाली, "काही नाही ओ. पाण्याच्या दिवशीच तेवढं." सोलापूरकरांना अधिक सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही अवेळी, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं. ती दारातल्या नळावरून बादल्या उचलून माडीवरच्या पिंपात ओतत होती. नवरा रात्रपाळीला. सासूबाई विड्या वळतात, वर्षानुवर्षं सूप मांडीवर घेऊन बसून कंबर गेलेली.

मी सासूबाईंना बोलावलं. सून काय म्हणाली ते तिच्या संमतीशिवाय सांगायचं नव्हतं. तिनंच तोंड उघडलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सव्वा महिना तिच्या आईनं शेक, मालिश, डिंकाचे लाडू सगळं केलं. मला वाटलं, पोर उभी राहिली." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. सव्वा महिन्याची आपली रीत मायेची आहे, मी ती मोडा असं कुणाला सांगत नाही. पण एकेचाळिसाव्या दिवशी बाई पूर्ववत होते हा समज मात्र मोडायला हवा. बाळाला दीड महिन्याच्या लशीला माहेरी सगळे मिळून घेऊन गेले होते. त्याच सुमाराला आईचीही तपासणी करायची असते, ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

पाण्याची वाट सासूबाईंनीच काढली. खालच्या नळापासून माडीपर्यंत लांब पाइप, एक छोटी मोटार आणि पिंपाला खाली तोटी. नवऱ्यानं पगाराच्या दिवशी आणली. मला आठवतं, हे सांगताना तिचा चेहरा जेवढा मोकळा झाला तेवढा माझ्या एकाही वाक्यानं झाला नव्हता.

तिसऱ्या भेटीत तिनं हळूच नवऱ्याजवळ जायची भीती वाटते हे सांगितलं. तिथं कोरडेपणा आणि दुखरेपणा होता. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असल्यानं असं होतं, डॉक्टर त्यावर उपाय देतात, आणि तोवर "आत्ता नको" म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. ते नवऱ्यालाही त्याच खोलीत बसवून सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी ती आली. पाणी तहानेप्रमाणे पिते. घड्या लावणं बंद झालंय, जोराची शिंक आली तर अजून थोडं होतं. टॉवेल शिवायच्या कामावर पुन्हा अर्धा दिवस जाते आणि गठ्ठे उचलायचं काम दुसरीला द्या असं तिनं मुकादमाला स्वतः सांगितलंय. पिशवीतून बाळाचं लसीकरण कार्ड काढून तिनं मला दाखवलं. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीपुढे सप्टेंबरमधली तारीख होती. त्याखाली पेन्सिलनं, तिच्याच अक्षरात: "माझी तपासणी. त्याच दिवशी."