घड्याळाने दिलेला इशारा खरा मानायचा का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीची बाग आहे. पुण्याच्या दिरांनी नानांना (माझे सासरे, वय ६८, बीपीची गोळी चालू) ॲपलचं घड्याळ दिलं. परवा त्यावर ‘ठोके अनियमित’ असा इशारा आला. नाना म्हणतात, “माले काय व्हयनं? रोज बागेत जास.” सासूबाईंच्या गोंदलेल्या मनगटावर तर आकडाच नीट येत नाही. विश्वास ठेवायचा का?

उत्तर : ताई, नानांना याच आठवड्यात ईसीजी काढायला न्या. बरं वाटतंय म्हणून थांबू नका.

हे घड्याळ ज्या दोषावर नजर ठेवतं त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. लकव्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. बऱ्याच जणांना काहीही जाणवत नाही, म्हणून नानांच्या ‘माले काय व्हयनं’वर मी विसंबणार नाही. वय आणि बीपी, दोन्ही त्यांच्या विरोधात आहेत.

घड्याळामागचा हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं-घटतं, त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं. एखादा ठोका चुकला म्हणून इशारा येत नाही. माणूस स्वस्थ असताना पुन्हापुन्हा गडबड दिसली, तरच येतो. अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. इशारा आला फक्त ०.५२ टक्के लोकांना. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावली, त्यांच्यात ३४ टक्क्यांना हा दोष सापडला. बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असं मात्र नाही. हा दोष येतो आणि जातो. पट्टी लावलेली असतानाच इशारा आला, तेव्हा तो ८४ टक्के वेळा खरा निघाला.

त्यामुळे साधा ईसीजी नॉर्मल आला तरी विषय संपवू नका. डॉक्टरांना होल्टरबद्दल (अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र) विचारा, त्यात किमान २४ तासांची नोंद होते. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉईडचीही तपासणी लागेल. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हेही नानांना विचारून ठेवा. त्या तापाने हृदयाची झडप खराब होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कुणाचं ऐकून सुरू करू नका.

सासूबाईंचं म्हणाल, तर गोंदणाची शाई प्रकाश अडवते. बांगड्यांमुळे पट्टा सैल राहत असेल तर तेही कारण. त्यांची नाडी तुम्हीच बघा : अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट. ठोके वेडेवाकडे लागले तर त्यांनाही सोबत घ्या.

काही घड्याळांत दुसऱ्या हाताचं बोट ३० सेकंद टेकवून ईसीजी निघतो. नानांच्या घड्याळात ती सोय असेल तर त्याची पीडीएफ डॉक्टरांना दाखवा, उपयोगी पडते. पण ती एकाच लीडची असते, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघते, दवाखान्यातली बारा लीडची. हार्ट अटॅक हे घड्याळ ओळखत नाही. छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर घड्याळ बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.