ठाण्यात दक्षिणेकडच्या गॅलरीत टोमॅटोची फुले गळतात आणि लिंबाला फळ धरत नाही. नेमके काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रस्त्यावरील इमारतीत सातव्या मजल्यावर दक्षिणेकडे उघडणारी गॅलरी आहे, तेथे फेब्रुवारीत लावलेल्या टोमॅटोला एप्रिलमध्ये भरपूर फुले आली, पण ती सगळी गळून गेली, लिंबाचे झाड पानांनी भरलेले असूनही फळ धरत नाही, दिवाणखान्यातील मनीप्लांट आणि पीस लिली पिवळी पडत आहेत, आणि सोसायटीच्या गच्चीवर ड्रममध्ये आंबा लावता येईल का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी ठाण्यातच पाचपाखाडीला राहते आणि बरीच वर्षे गॅलरीत व गच्चीवर भाज्या आणि फळझाडे वाढवत आले आहे, तेव्हा इथली हवा आणि इथला पाऊस धरूनच उत्तर देते.

खत, औषध आणि पाणी यांचा विचार करण्याआधी आपण गॅलरीतले ऊन तपासावे, कारण आपल्या निम्म्या अडचणींचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. दक्षिणेची गॅलरी म्हणजे वर्षभर भरपूर ऊन, असा समज सर्वत्र आढळतो, पण आपल्या अक्षांशावर तो खरा नाही. ठाणे उत्तर अक्षांश १९ अंशांच्या किंचित वर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन तिरपे येते आणि गॅलरीत अगदी मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते. पुढे सूर्य रोज थोडा वर चढत जातो, मेच्या मध्याला बरोबर डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो आपल्या उत्तरेकडूनच फिरतो. या काळात दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही, आणि एप्रिलमध्येसुद्धा दुपारचा सूर्य ८० अंशांच्या आसपास असल्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅब जवळजवळ सगळे ऊन अडवतो. म्हणजे आपल्या टोमॅटोला एप्रिलमध्ये उकाडा पुरेपूर मिळाला, पण प्रकाश मिळाला नाही. आपल्या गॅलरीचा खरा हंगाम दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा आहे, आणि फळभाज्या त्याच काळात बसवल्या पाहिजेत. दर महिन्याला एखाद्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ऊन कुठपर्यंत येते तेथे जमिनीवर खडूने रेघ मारून तारीख लिहावी. वर्षभरात हा नकाशा तयार झाला की कोणते झाड कोठे ठेवावे, हे कोणाला विचारण्याची गरज उरत नाही.

आता टोमॅटोबद्दल. रात्रीचे तापमान सलग २१ अंशांच्या वर राहिले आणि दिवसाचे ३२ अंशांच्या पुढे गेले, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फूल उमलते, पण फळ धरत नाही आणि देठाच्या गाठीपासून ते गळून पडते. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा पारा यापेक्षा बराच वर असतो, त्यामुळे त्या वेळी कोणतेही टॉनिक फवारले तरी उपयोग होत नाही. बी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा जागी ट्रेमध्ये पेरावे, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोपे किमान १५ ते २० लिटरच्या कुंडीत लावावीत, म्हणजे फुलोरा थंडीत येतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फळे मिळतात. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. सकाळी दहाच्या सुमारास फुलांचा घोस बोटाने हलकेच टिचकी मारून हलवला तरी परागीभवन होते. सातव्या मजल्यावर वारा हे काम करतोच, पण तोच वारा कुंड्या लवकर सुकवतो आणि हलक्या कुंड्या पाडतोही, म्हणून सगळ्या कुंड्या कठड्याच्या आतच असाव्यात.

टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण कोकणपट्टीत ती फार आढळते. पाने हिरवीगार असताना, पाणी नीट दिलेले असताना, झाड दोन-तीन दिवसांत एकदम मान टाकते. लोक आणखी पाणी घालतात आणि झाड मरते. हा बहुतेक वेळा जिवाणूजन्य मर रोग असतो. त्याची परीक्षा घरी करता येते: जमिनीलगतचा खोडाचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापावा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्याचे कापलेले टोक पाण्यात बुडेल असे धरावे, आणि हात न हलवता काही मिनिटे पाहत राहावे. रोग असेल तर कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढुरका धागा सावकाश खाली उतरताना दिसतो. तो दिसला तर झाड मुळांसकट काढून टाकावे, सुरी उकळत्या पाण्याने धुवावी, आणि त्या कुंडीतील मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नये. तेथे माठ, मेथी यांसारख्या पालेभाज्या घ्याव्यात. या रोगावर औषध ओतून झाड वाचवण्याच्या मागे लागू नये.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गॅलरी रिकामी ठेवण्याचे कारण नाही. कमी उन्हात आणि दमट हवेत मायाळू, अळू, पुदिना आणि पानांचा ओवा उत्तम वाढतात, आणि मेच्या शेवटी लावलेले आले व हळद जानेवारी-फेब्रुवारीत काढणीला येतात. मायाळूची भजी आणि डाळीतली भाजी करणाऱ्या घरांत तरी ही वेल असायलाच हवी, कारण पालक तग धरत नाही अशा उकाड्यात ती जोमाने फुटते. मेथी आणि कोथिंबीर मात्र ऑक्टोबरनंतरच घ्यावी.

गच्ची उपलब्ध असेल तर तेथे जूनमध्ये भेंडी, दोडका, काकडी, पडवळ आणि कारली लावता येतात. भेंडीवर शिरा पिवळ्या पडणारा केवडा रोग येतो, त्यासाठी परभणी क्रांतीसारखा सहनशील वाण घ्यावा. वेलभाज्यांना फळ न धरण्याची तक्रार उंच इमारतींत नेहमी ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा मधमाशांचा अभाव हे असते. या वेलींना नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली त्या भाजीचे इवलेसे रूप आधीच दिसते, तर नर फूल नुसत्या देठावर असते. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, घोसाळ्याचीही पहाटेच. पण दुधी, दोडका आणि पडवळ यांची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे सकाळी हे काम केल्यास त्यांच्या बाबतीत काहीच साधत नाही. फळ धरले की त्यावर लगेच कापडी किंवा जाळीची पिशवी बांधावी, कारण फळमाशी कोवळ्या फळातच अंडी घालते. क्यू ल्यूरचा, म्हणजे माशीला गंधाने ओढणाऱ्या आमिषाचा, कामगंध सापळा उपयोगी आहे, पण त्यात फक्त नर माश्या सापडतात, तेव्हा पिशवीला तो पर्याय नाही.

लिंबाचे झाड पानांनी भरलेले आहे आणि फळ नाही, या वर्णनावरून मला तीन शक्यता दिसतात. पहिली अशी की ते बियांपासून वाढवलेले असावे. कागदी लिंबाच्या अशा झाडाला फळ धरायला पाच ते सात वर्षेही लागतात, तर गुटी कलमाला (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या कलमाला) दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले येतात. झाड सरळसोट उंच जात असेल आणि काटे लांबलचक असतील तर बियांपासूनचे असण्याचा संभव अधिक. डोळा भरून केलेले कलम असेल तर सांध्याखालून फुटलेले धुमारे काढून टाकावेत, नाहीतर खालचे रानटी झाडच वर येते. दुसरी शक्यता अपुऱ्या उन्हाची. लिंबाला रोज सहा तास तरी ऊन हवे आणि ते आपल्या गॅलरीत उन्हाळ्यात मिळत नाही, म्हणून मार्च ते सप्टेंबर त्याला गच्चीवर न्यावे असे मी सुचवीन. तिसरी शक्यता अतिलाडाची आहे: सतत पाणी आणि नत्रयुक्त खत मिळत राहिले की झाड पालवी फुटण्यातच रमते. लिंबूवर्गीय झाडांना बहर धरण्यासाठी ताण द्यावा लागतो. पाऊस पूर्ण थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये कुंडीचे पाणी तोडावे, दुपारी पाने किंचित मलूल दिसू लागेपर्यंत थांबावे, मग आधी थोडे आणि नंतर नेहमीइतके पाणी सुरू करून मूठ-दोन मूठ गांडूळखत आणि निंबोळी पेंड द्यावी. झाड अशक्त किंवा रोगट असेल तर मात्र ताण देऊ नये.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे तपकिरी-पांढरे ठिपके हलताना दिसले, तर त्या लिंबू फुलपाखराच्या लहान अळ्या असतात. मोठ्या झाल्यावर त्याच हिरव्या होतात आणि चार दिवसांत लहान झाड निष्पर्ण करतात. औषधाची गरज नसते, हाताने उचलल्या तरी पुरते. मी त्या मारत नाही. कढीपत्त्याचे एक जादा झाड त्यांच्यासाठीच ठेवले आहे. आपल्या जवळच ओवळेकर वाडीचे फुलपाखरू उद्यान आहे, तेथे मुलांना घेऊन गेलात तर या अळ्यांचे पुढे काय होते हे त्यांना पाहता येईल.

घरातील झाडे पिवळी पडण्याचे कारण बहुतेक वेळा जादा पाणी हेच असते. नर्सरीतून येणारी लाल माती घट्ट चिकट असते आणि एकदा वाळली की विटेसारखी होते. तिच्यात मुळांना हवा मिळत नाही. झाड बाहेर काढून काळी पडलेली, मऊ मुळे कापावीत आणि एक भाग माती, एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पालापाचोळ्याचे कुजलेले खत व थोडी भाताची तुसे अशा मिश्रणात पुन्हा लावावे. प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या प्रयोगशील चळवळीचे श्रीपाद अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यापासून अमृतमाती, म्हणजे सुपीक माती, करण्याची जी पद्धत लोकांपर्यंत नेली, तिचा आधार घेतला तर सोसायटीच्या आवारात झाडून जमा होणारी पानेच आपल्याला पुरतील. पाणी वारावर ठरवू नये. बोट दोन पेरे मातीत घालावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की आठ-दहा दिवस पाणी लागत नाही. कुंडीखालच्या बशीतले पाणी तर आठवड्यातून एकदा नक्की ओतून द्यावे आणि बशी घासून घ्यावी, कारण डेंगीचा डास कडेला अंडी चिकटवतो आणि अंड्यापासून डास होण्यास जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. घरातली झाडे हवा शुद्ध करतात म्हणून ती विकत घेत असाल, तर तेवढी अपेक्षा ठेवू नये. राहत्या घरात जाणवण्याजोगा फरक पडायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले. ती डोळ्यांना बरी वाटतात, हे कारण मला पुरेसे वाटते. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट व पीस लिली हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत, कारण त्यांची पाने चावल्यास तोंडाची आग होते.

गच्चीवरील आंब्याबाबत आधी वजनाचा हिशोब करावा. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापला तर सुमारे १०० लिटरची कुंडी होते आणि ओल्या मिश्रणासह तिचे वजन सव्वाशे ते दीडशे किलो भरते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात जाण्यायेण्यास खुल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला आहे, आणि अर्ध्या ड्रमचा तळ तर पाव चौरस मीटरच्या थोडाच वर असतो. म्हणून ड्रम स्लॅबच्या मधोमध ठेवू नयेत, खाली तुळई किंवा खांब आहे अशा जागी एकमेकांपासून अंतर राखून ठेवावेत, विटांवर उचलून घ्यावेत, म्हणजे खालचे वॉटरप्रूफिंग कोरडे राहते आणि दिसतेही. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय एकही ड्रम वर नेऊ नये.

कलम निवडताना हापूसचा आग्रह सोडावा. हापूस मोठा होतो आणि बहुधा एक वर्षाआड फळतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार केलेली आम्रपाली ठेंगणी आणि दरवर्षी फळणारी आहे, ती कुंडीसाठी सर्वांत सोयीची. हापूसची चव जवळ हवी असेल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली प्रसारित झालेला रत्ना घ्यावा. तो नीलम आणि हापूस यांचा संकर आहे आणि त्याच्या फळात साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) होत नाही. लागवड जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी, ड्रमच्या तळाशी चार-पाच भोके असावीत, पहिली दोन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा आणि पुढे दरवर्षी फळे उतरवल्यावर लगेच, पाऊस जोर धरण्याआधी, वाढलेल्या फांद्या छाटाव्यात.