“मॅडम, दारू सोडल्याचा दाखला द्या”

खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी हातातली प्लॅस्टिकची फाइल टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मॅडम, दारू सोडल्याचा दाखला मिळंल का? तेवढा जोडला की परत घेत्यात, असं एकानं सांगितलंय.”

सकाळचे अकरा वाजले होते. तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता आणि त्याच्या आडून दुसराही. फाइल खाली ठेवली तरी बोटं थरथरत होती. सोबत आलेली बायको दाराशीच उभी राहिली.

लष्करात ते नाईक होते, म्हणून इथेही त्यांना नाईकच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चौतीस, नोकरी बारा वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी डिस्चार्ज देऊन घरी पाठवलं होतं. जवानाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षं लागतात. म्हणजे तीन वर्षं कमी पडली.

सातारा जिल्ह्यात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे: दारूपायी फौजेतून काढलं, आता सोडली तर परत घेतील का? इथे अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात वर्दी ही अख्ख्या घराची अब्रू असते. सुट्टीवर आलेल्या फौजीला पारावर जागा करून देतात. काढून टाकलेल्याला कोणी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. नाईक आठ महिन्यांत एकदाही पारावर गेले नव्हते. गावात सांगितलं होतं, “लांब सुट्टी आहे.”

पहिल्या दिवशी मी दाखल्याबद्दल काहीच बोलले नाही. शेवटचा घोट कधी घेतला, ते विचारलं. पहाटे पाच वाजता. यापूर्वी एकदम बंद केली होती का? केली होती, आणि दुसऱ्या दिवशी फिट आली होती.

हे सगळ्यांनीच नीट लक्षात ठेवावं. रोज भरपूर पिणाऱ्याने जिद्दीने एका रात्रीत बंद केली, तर काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. देवाची शपथ घालून खोलीत कोंडणाऱ्या घरांना हे माहीत नसतं. मी त्यांना त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे झोपेची औषधं हळूहळू कमी करत नेली, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. आठवडाभराने ते पुन्हा समोर बसले तेव्हा हात स्थिर होते. मग फाइल उघडली.

डिस्चार्ज बुकात कारण होतं ‘सेवेची यापुढे गरज नाही’. लष्करी नियम १९५४ मधल्या नियम १३ खालची ही कारवाई. त्यामागे चार रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी. तीन वेळा नशेत सापडल्याबद्दल, एकदा सुट्टीवरून उशिरा गेल्याबद्दल. उशीर का झाला होता? “गाडी चुकली,” असं ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पुण्यातच उतरलो होतो.”

फाइलच्या तळाशी घडी घातलेला आणखी एक कागद होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या एंट्रीच्या मध्ये त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखल केलं होतं. निदान मद्यावलंबनाचं, काही महिने खालची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा उतरता दर्जाही लागला होता. लाज वाटते म्हणून हा कागद त्यांनी कोणालाच दाखवला नव्हता.

मी वकील नाही. पण दारूमुळे घरी आलेला माणूस कोणत्या कारणाखाली आला यावर पुढचं बरंच काही ठरतं, हे आता मला माहीत झालं आहे. आजारी ठरवून वैद्यकीय बोर्डाने घरी पाठवणं वेगळं, लाल शाईच्या नोंदींवरून काढणं वेगळं, स्वतः अर्ज करून येणं वेगळं. म्हणून माणूस ‘डिस्चार्ज झाला’ म्हणाला की मी आधी कागद वाचते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून त्यांना वकिलाचा पत्ता मिळाला. वकिलांनी त्यांना जे सांगितलं, ते मीही त्यांच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं, कारण आशा असली की माणूस हवं तेवढंच ऐकतो. नव्याने भरती होणं शक्य नव्हतं. अग्निवीर भरतीचं वय विशीच्या आसपासच संपतं. डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, माजी सैनिकांना पुन्हा घेतात, पण तिथे डिस्चार्जचं कारण, चारित्र्याचा शेरा आणि मेडिकल कॅटेगरी बघतात, त्यामुळे असा कागद घेऊन तिथे आस धरण्यात अर्थ नव्हता. उरला एकच रस्ता. डिस्चार्जच कायद्याला धरून नव्हता असं म्हणून वरिष्ठांकडे अर्ज करायचा आणि दाद मिळाली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जायचं.

त्या रस्त्याला आधार आहे. २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चार रेड इंक एंट्री झाल्या एवढ्यावरून जवानाला काढता येत नाही. आधी चौकशी हवी. चुका कोणत्या होत्या, नोकरी किती झाली, किती खडतर ठिकाणी झाली, पेन्शन किती जवळ आहे, हे तपासायला हवं. पण त्या निकालात जवानाला मिळालं काय, तर पेन्शनपुरती सेवा धरली गेली. मागचा पगार मिळाला नाही आणि वर्दीही परत अंगावर आली नाही.

हे ऐकल्यावर नाईक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे जिंकलो तरी युनिटात जायला न्हाई मिळणार.”

“बहुतेक नाही, दादा.”

त्या संध्याकाळी त्यांची बायको एकटी आली. या कामात माझी सगळ्यात अवघड परीक्षा झाली ती तेव्हा. ती म्हणाली, “ताई, तुम्ही त्यांना सांगा ना, परत घेतील म्हणून. त्या आशेवर तरी ते पिणार न्हाईत. तुमचं ऐकतात.”

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तीन आठवडे ते त्याच आशेवर प्यायले नव्हते. पहाटे उठून पळत होते, बूट पॉलिश करून ठेवत होते. एका खोट्या वाक्याने आणखी सहा महिने निघाले असते. पण मग एक दिवस पोस्टमन पत्र घेऊन आला असता. ज्या कारणासाठी दारू सोडली ते कारणच त्या पत्राने काढून घेतलं असतं. आणि त्या रात्री ते माझ्याकडेही आले नसते, कारण खोटं बोलणारी मीच. मी तिला नाही म्हटलं. ती रागावून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही सांगते.

पुढच्या भेटीत मी नाईकांना विचारलं, “उत्तर नकाराचं आलं, तर त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे असाल?” ते चिडले. “अशुभ कशाला बोलता मॅडम?” तरी आम्ही तो दिवस कागदावर मांडला. पत्र कोण उघडणार, आधी फोन कोणाला, खिशात पैसे किती, कोणत्या रस्त्याने घरी जायचं. तिठ्यावरचं दुकान टाळून मळ्यातल्या वाटेने जायचं, हे त्यांनीच सुचवलं. नकाशा काढून दिला, अगदी फौजी पद्धतीने.

मधल्या भेटींमध्ये दारूची गोष्ट उलगडली. पहिला घोट बर्फातल्या पोस्टवर, थंडीसाठी. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून ऊब वाटते, आतली उष्णता उलट बाहेर जाते, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलंही होतं. “माहीत होतं. पण ऊब नको होती, झोप पायजे होती,” असं ते म्हणाले. त्या पोस्टवरचा एक सोबती खाली आला नव्हता. त्याचं नाव त्यांनी चौथ्या भेटीत सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

जुलैत अर्जाला नकार आला. त्यांनी पत्र घेऊन आधी मला फोन केला, मळ्याच्या वाटेने घरी गेले. ती रात्र निघाली. त्याच महिन्यात पुढे बेंदूर आला, बैलं सजली, भावकी जमली, आणि दोन दिवस ते प्यायले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आले. दाढी केलेली, डोळे लाल. आम्ही पुन्हा मोजायला लागलो.

आता प्रकरण न्यायाधिकरणाकडे न्यायचं होतं. तिथे अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जावं लागतं. पहिले आठ महिने दारूतच गेल्याने वेळेच्या प्रश्नाचा खुलासा करावा लागणार होता, आणि वकिलांना उपचाराची कागदपत्रं हवी होती. त्यांनी मला पत्र मागितलं. म्हणजे शेवटी दाखला लिहायची वेळ आलीच. दारू सुटल्याचा दाखला कोणीच देऊ शकत नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिलं: डिसेंबरपासून नियमित येतात, रुग्णालयात उपचार पूर्ण केले, आजपर्यंत मद्यपान केल्याचं दिसलेलं नाही.

नाईकांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

“बेंदराचे दोन दिवस राहिले, मॅडम. ते लिवा.”

“वकील म्हणतील, कशाला.”

“म्हणू द्या. तारखेनिशी लिवा.”

मी खोडून नव्याने लिहिलं. त्यांनी पत्राची घडी न घालता ते त्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर ठेवलं.