रीफ टाकीचा (खाऱ्या पाण्यातल्या कोरलच्या टाकीचा) पीएच रोज खालीवर होतो, केएच (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, म्हणजे क्षारता) स्थिर राहत नाही. बफर किती टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरुळला बेडरूममध्ये दीडशे लिटरची टाकी, चार महिने झाले, झोअँथिड आणि एक लेदर (दोन्ही मऊ कोरल). पीएच सकाळी ७.८, रात्री ८.२. म्हणून रोज सकाळी बफर टाकता. केएच ११ दिसला की घाबरून निम्मं पाणी बदलता, मग तो ८ वर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. लेदर आठवडाभर मिटून बसलंय.

बफर आजपासून बंद करा. लेदर मिटलंय ते बहुधा या वरखालीमुळेच.

सकाळचा ७.८ हा आजार नव्हे. दिवे मालवले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचा चालूच असतो, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. दिवसा उलट. एवढा झोका बहुतेक टाक्यांत असतो. त्यात तुम्ही रात्रभर खिडक्या लावून एसीत झोपता, म्हणजे खोलीतल्या हवेतही तोच वायू. बफर म्हणजे बहुतेक वेळा सोड्याचंच मिश्रण. त्याने पीएच घटकाभर चढतो आणि परत उतरतो, पण वाढलेला केएच तिथेच राहतो. तुमचे ११ आले ते असे.

खात्री हवी असेल तर सकाळी पेलाभर टाकीचं पाणी गॅलरीत न्या, त्यात तासभर एअरस्टोन सोडा आणि पीएच मोजा. चढला तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त साठलाय, बहुधा खोलीतल्या हवेमुळे. मग स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा, तोंड खाली वळवून, नाहीतर पावसाळ्यात स्किमर पाऊस पिईल.

आता मोजणीबद्दल. थेंब मोजायच्या साध्या किटमध्ये एक थेंब म्हणजे १ डीकेएच (केएचचा एक अंश), त्यामुळे ८ आणि ९ मधला फरक कधी कधी फक्त थेंबाच्या जाडीचा असतो. नमुन्याचं पाणी दुप्पट घ्या, म्हणजे एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. मोजाल तेव्हा दिवसाच्या ठरलेल्या वेळीच मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग खारेपणाच्या, कॅलिब्रेशन द्रवाने लावा. साध्या पाण्यावर शून्य दाखवला म्हणून ३५ ला बरोबर असेलच असं नाही.

तुम्ही वरचं पाणी (उडून गेलेल्याच्या जागी घालायचं) स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं घालता असं लिहिलंय, तिथे मी थबकलो. घरगुती आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, आणि हल्ली कित्येक मशीन पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला चालेल, पण गोगलगायी, कोळंबी आणि कोरल यांना तांबं म्हणजे विष. तुमच्या मशीनवर ‘कॉपर’ लिहिलेलं असेल तर ते पाणी आजच बंद करा. मोरबे धरणाचं नळाचं पाणी पिण्यासाठी कितीही चांगलं असलं तरी टाकीला आरओ-डीआय (सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी) लागतं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. आणि वाशी खाडीचं फुकट पाणी आणायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. पावसात तिथला खारेपणा किती उतरतो ते तिथले कोळी सांगतील, बाकी त्यात काय काय येतं ते सांगायला नको.

उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण आपल्याकडे पाणी उडण्याचा वेग ऋतूप्रमाणे किती बदलतो याने मी स्वतः तोंडावर आपटलोय.

माझी टाकी ठाण्यात, २०० लिटरची. मी चुन्याची निवळी वापरायचो. तीच ती, पूर्वी लहान मुलांना पाजायचे. रीफवाले तिला काल्कवासर म्हणतात, एवढाच फरक. (पावडर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घ्या, पानाच्या टपरीवरची ट्यूब नको. आई विचारायची, माशांना विडा लावतोयस का?) वीस लिटरच्या कॅनमध्ये ५ ग्रॅम पावडर विरघळवायची आणि ऑटो टॉप-ऑफचा पंप जेवढं पाणी उडेल तेवढी निवळी टाकीत सोडायचा. मे महिन्यात पाण्यावर पंखा चालू, रोज चार लिटर उडायचं. केएच ८.४ वर खिळा ठोकल्यासारखा. मी खूश होऊन मोजणंच सोडलं.

जूनमध्ये पाऊस लागला. दमट हवेत पाणी उडेना, रोज जेमतेम दोन लिटर. म्हणजे चुनाही निम्माच जायला लागला, आणि कॅन आठवड्याने भरावा लागत नाही याचा मला आनंद! जुलैच्या सुरुवातीला दगडावरच्या गुलाबी कोरलाइन शेवाळाच्या कडा पांढऱ्या पडलेल्या दिसल्या, झोअँथिड मिटलेले. मोजलं तर ६.६. मग घाई केली. सोडा कढईत भाजून त्याचं दाट पाणी पंपाच्या तोंडाशीच ओतलं. तिथल्या तिथे दुधासारखा ढग उठला आणि दोन दिवसांत पंपाच्या पात्यावर चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर. झोअँथिड उघडायला तीन आठवडे लागले. आता वरचं पाणी साधं आरओ-डीआय आणि निवळी वेगळ्या डोसिंग पंपाने, रोज ठरलेलं माप.

तुम्हाला एवढं काही लागणारच नाही. झोअँथिड आणि लेदर फारसं कॅल्शियम खात नाहीत. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी भागेल, फक्त नवीन पाण्याचा खारेपणा, तापमान आणि केएच टाकीशी जुळवून घ्या. केएच ८ ते ९ मधला कुठलाही एक आकडा धरा. ८ की ९ याला महत्त्व नाही, रोज तोच राहू द्या. कॅल्शियम ४०० ते ४४० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. मॅग्नेशियम फार उतरलं तर केएच आणि कॅल्शियम धरून ठेवणं कठीण जातं. कॅल्शियम ४१० चं ४०० झालं म्हणून दचकू नका: केएच २.८ ने उतरतो तेव्हा कुठे कॅल्शियम २० पीपीएमने उतरतं. गडबड आधी केएचवर दिसते.

कधी वाढवावाच लागला तर साधा खायचा सोडा पुरतो. शंभर लिटरला ३ ग्रॅम टाकले की १ डीकेएच वाढतो. तुमच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता सव्वाशे-एकशेतीस लिटर पाणी असेल, म्हणजे ४ ग्रॅम. आरओ पाण्यात विरघळवून, प्रवाहात, हळूहळू, आणि एका दिवसात १ डीकेएचच्या वर नाही. बेकिंग पावडर किंवा इनो नको, त्यांत आम्लही असतं. (हसू नका, एकाने विचारलं होतं.)

पुढे दगडी कोरल घ्यायचा मोह होईल. त्यांच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणाला तरी कागद मागा.

आत्ता पाणी भसाभस बदलू नका, काही ओतू नका. आजचा केएच वहीत लिहा आणि दोन आठवडे दिवसाआड, दिवे लागायच्या आधी, मोजत राहा. पाणी बदलाल त्या दिवशी आधी आणि नंतर, दोन्ही आकडे लिहा. मधल्या दिवसांत जेवढा उतरेल तो टाकीचा खरा खप. ते आकडे आणि तुमच्या मिठाच्या ताज्या पाण्याचा केएच कळवा, मग डोसची गरज आहे का ते बघू.