सासऱ्यांच्या कारखान्यात 18,000 पगारावर आहे, 14 कामगार आहेत. ‘घरच्यांना ईएसआय लागत नाही’ हे खरं का?

नाही, खरं नाही. तुम्ही पगारावर असाल तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) हक्क तुम्हालाही आहे. कारखान्यात 10 किंवा जास्त माणसं आणि पगार महिना 21,000 पर्यंत, एवढंच बघतात. मालक सासरा असल्याने सूट मिळत नाही. हप्ता पगारावर असतो: मालकाचे 3.25 टक्के, तुमचे 0.75 टक्के. त्या बदल्यात तुमच्यासोबत पत्नी-मुलांनाही उपचार, शिवाय आजारपणाच्या रजेत रोख भत्ता. नोंदणी करणं मालकाचं काम; करत नसतील तर ईएसआय महामंडळाच्या कार्यालयात तक्रार करता येते. (घरात वाद होईल तो वेगळा!)

मी छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करतो. गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडते: पगार रोखीत आणि हजेरीपटावर नाव नाही. म्हणून पगार बँकेतूनच घ्या.

मात्र आधी एक तपासा, तुम्हाला भागीदार तर करून घेतलेलं नाही ना? भागीदार पगार घेत असला तरी ईएसआयपुरता ‘कर्मचारी’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यात म्हटलंय. तसं असेल तर स्वतःचा मेडिक्लेम काढावा लागेल.