वायर एक, बिल एक, तक्रार कुणाकडे?

गेले दोन महिने येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतोय. घरात फायबरची एक वायर येते, तिच्यातूनच टीव्ही, इंटरनेट, फोन आणि ओटीटी येतं. मात्र काही बंद पडलं की कुणाला धरायचं, हे कळत नाही. दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारी हाताळणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून त्यातले काही प्रश्न आज एकत्र घेते.

आमचा केबलवाला आता इंटरनेटही देतो. हे कायदेशीर आहे का? (कोथरूड)

आहे, पण दोन्हींची परवानगी वेगवेगळी हवी. केबलसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची नोंदणी लागते. इंटरनेटसाठी दूरसंचार विभागाचा परवाना, नाहीतर परवानाधारक कंपनीशी करार लागतो. केबलवाल्याची नोंदणी पूर्वी पोस्टात व्हायची. जानेवारी २०२५ पासून ती ऑनलाइन आणि पाच वर्षांसाठी होते. दोन्ही कागद दाखवायला सांगा.

‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल’ असा फोन आला. काय करू? (हडपसर)

फोन ठेवा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, ते असे फोन करत नाही. पैसे गेले असतील तर आत्ता, हे वाचता वाचता, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

फायबरचं ‘होम पॅक’ घेतलंय. अकरा दिवस टीव्ही बंद आहे, इंटरनेट चालू आहे. कंपनी म्हणते, ‘तो भाग ॲपवाल्यांचा.’ ॲपवाले म्हणतात, ‘इंटरनेटवाल्यांना विचारा.’ बिल पूर्ण आलंय. (सिंहगड रोड)

ताई, तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यावर एकच ओळ आहे: ‘होम एंटरटेनमेंट पॅक – १०००’, खाली जीएसटी १८०, एकूण ११८०. या हजारात इंटरनेट किती, टीव्ही किती, ओटीटी किती, याचा पत्ता नाही. खरी गोम इथेच आहे. टीव्हीचे किती रुपये भरले हेच माहीत नसेल, तर अकरा दिवसांचे किती परत मागणार?

वायर एक झाली तरी कायदा एक झालेला नाही. एखादी मराठी वाहिनी केबलवर आली तर तिला १९९५ चा केबल कायदा लागतो. तीच डीटीएचवर किंवा इंटरनेट कंपनीच्या आयपीटीव्ही सेवेतून (म्हणजे कंपनी स्वतःच तिच्या वायरवरून वाहिन्या देते) आली, तर परवाना वेगळा, पण दर आणि पॅक यांचे ट्रायचे नियम लागू राहतात. तीच ॲपवर पाहिली तर २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात आणि वाहिन्यांच्या दरांची ट्रायची चौकट सुटते. मालिका तीच, पडदा तोच, पण तुमचे हक्क बदलतात. विक्रेता हे सांगत नाही. तो सांगतो, ‘ओटीटी फ्री’. फ्री काही नसतं, ते त्याच हजारात असतं. आणि सहा महिन्यांनी एखादं ॲप पॅकमधून गेलं तरी बिल तेवढंच राहतं. ही युक्ती मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता संताप येतो.

दिरंगाईबद्दलही बोलायला हवं. दूरसंचार आणि प्रसारण एका नियामकाखाली आणणारं ‘कम्युनिकेशन्स कन्व्हर्जन्स’ विधेयक आपल्याकडे २००१ मध्येच मांडलं होतं. लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. ब्रिटनने २००३ च्या अखेरीस पाच नियामकांचं काम ऑफकॉम या एकाच नियामकाकडे सोपवलं. आपण जानेवारी २००४ मध्ये केबल आणि प्रसारण ट्रायच्या कक्षेत आणलं खरं, पण कार्यक्रमांतला आशय मंत्रालयाकडेच राहिला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने हाच विषय पुन्हा ट्रायकडे पाठवला, जानेवारी २०२३ मध्ये सल्लामसलतीचा मसुदा निघाला, त्या वर्षाच्या अखेरीस नवा दूरसंचार कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने प्रसारण सेवांच्या परवानग्यांबद्दल शिफारशी दिल्या. आशय कोणी तपासायचा यावर मतभेद असू शकतात, मला ते समजतात. पण वायर, दर आणि तक्रार यांना एक खिडकी द्यायला वीस वर्षं का लागावीत?

आता तुमचं काम. कंपनीला ईमेल करा: पॅकमधल्या प्रत्येक सेवेची रक्कम लेखी द्या, आणि टीव्ही आयपीटीव्ही आहे की ॲप, तेही लिहा. तक्रार क्रमांक घ्या. भिंतीवरच्या डब्यावरचा ‘लॉस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा बंद आहे, इंटरनेट चालू आहे आणि टीव्हीवर एरर दिसते, असा एकच फोटो तारखेसह काढा. वायर ठीक असल्याचा तो पुरावा आहे. इंटरनेटच्या तक्रारीचं समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत जाता येतं. टीव्हीसाठी नोडल अधिकारी असतो. दोघांनाही एकच पत्र पाठवा, म्हणजे टोलवाटोलवी कागदावर येईल. आणि रक्कम सोडून देऊ नका. पुढचं पाऊल टाकण्याआधी कागद घेऊन वकिलाला किंवा ग्राहक पंचायतीला भेटा.

एनसीएफ (वाहिन्यांच्या दरांवेगळं दरमहा नेटवर्क शुल्क) १३० रुपयांपेक्षा जास्त घेताच येत नाही, असं सगळे म्हणतात. आमच्याकडून जास्त घेतात. (वानवडी)

‘सगळे’ जुनं सांगताहेत, काका. १३० ची मर्यादा २०१९ मध्ये आली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती उठवली. आता कंपनीने जाहीर केलेला दर आणि तुमचं बिल जुळतं का, ते बघा. नको असलेला पॅक मात्र कुणी गळ्यात मारू शकत नाही. पे चॅनेल सुटं घेण्याचा पर्याय द्यावाच लागतो.

ओटीटीवरच्या एका मालिकेबद्दल केबल कायद्याखाली तक्रार करू का? (बिबवेवाडी)

नाही. आधी त्या ओटीटीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, पंधरा दिवसांत निर्णय मिळायला हवा. नाही पटला तर त्यांच्या स्वनियामक संस्थेकडे.

सोसायटीच्या कमिटीने एकाच कंपनीशी करार केलाय, दुसऱ्या कंपनीचा माणूस गेटवरच अडवतात. (वाकड)

कमिटीकडून कराराची प्रत आणि तो मंजूर केलेल्या सभेचं इतिवृत्त लेखी मागा. कॅमेऱ्यांसाठी फुकट इंटरनेट किंवा क्लबहाऊसचा टीव्ही असा काही मोबदला सोसायटीला मिळतोय का, हेही विचारा. पुष्कळदा मूळ कारण तेच असतं. करार न वाचता मी मत देणार नाही. सोसायटीच्या कामाचा अनुभव असलेल्या वकिलाला तो दाखवा, आणि तोवर गेटवर भांडू नका.

दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाताच येत नाही, असं कंपनीचा माणूस म्हणाला. (औंध)

चूक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच सांगितलंय की जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला करा, १९१५. तिथे सुटलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. तुमचं पत्र वाचलं तर तुमची घटना दीड वर्षापूर्वीची दिसते. या आठवड्यातच सल्ला घ्या.